व्याह्यांचा मासा

अल्दिनाचा फोन येऊन गेल्यापासून रेफिकला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. तसा निवृत्त झाल्यापासून तो फारसा बसत नव्हताच. पोदगाय गावच्या भूमापन कचेरीत अख्खी नोकरी खिडकीमागच्या खुर्चीत काढल्यावर माणसाच्या वाट्याचं बसणं संपून जात असावं. पण फोननंतरची त्याची वणवण वेगळीच होती. अंगणातून स्वयंपाकघरात, तिथून फाटकापर्यंत, फाटक उघडायचं, रस्त्याकडे बघायचं, परत लावून घ्यायचं. सेनिया, म्हणजे त्याची बायको, झाडू घेऊन मागून फिरत होती. शेवटी ती म्हणाली, "चालतोच आहेस तर हा झाडू तरी धर."

फोनवर मुलीने सांगितलं होतं ते असं. तिचे होणारे सासरे, लिओपोल्ड, ग्राट्सहून भेटायला येणार. एकटेच. लग्न तिकडे ऑस्ट्रियात करायचं की इकडे आपल्या अंगणात, हे तिकडच्या सगळ्यांनी त्यांच्यावर सोडलं होतं. चाळीस माणसं एवढ्या लांब आणायची तर आधी एकाने जाऊन बघून यावं, असा साधा हिशेब. आणि लिओपोल्डना जगात एकाच गोष्टीचं वेड होतं, माशी टाकून ट्राउट मासे धरायचं.

"बाबा, तेवढं एक जमव," अल्दिना म्हणाली. "कुणीतरी चांगला वाटाड्या बघ. बाकी सगळं आई सांभाळेल."

"वाटाड्या कशाला?" रेफिक म्हणाला. "मी आहे ना! प्लिवाच्या काठावर जन्मलोय मी."

यात खोटं काही नव्हतं. त्याचा जन्म प्लिवा नदीच्या काठावरच झाला होता. पण गिरणीच्या मागे बसून गांडुळावर मासे धरायचे दिवस सरल्यावर त्याची आणि माशाची भेट फक्त कढईत होत आली होती. हे मुलीला सांगायची काही गरज आहे असं त्याला वाटलं नाही. बापाने सगळंच सांगायचं ठरवलं तर बाप म्हणून उरणार काय?

पहिला सल्ला शेजारच्या रांकोचा. रांको लाकूड कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि पोदगायमध्ये असा एकही विषय नाही ज्यावर त्याला मत नाही. तो कुंपणावर हात टेकून म्हणाला, "तुला माशीवरची मासेमारी म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? गांडूळ नाही, कणीक नाही. गळावर पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची. मग हवेत दोर फिरवत फिरवत ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की ट्राउटला वाटलं पाहिजे, खरीच बसली. थोडक्यात, माशाला जेवायला बोलवायचं आणि उपाशी ठेवायचं."

"आणि लोक त्यासाठी परदेशातून येतात?"

"लोक कशासाठीही येतात," रांको म्हणाला, आणि आत जाऊन आपल्या मेहुण्याची मासेमारीची काठी घेऊन आला.

अंगणात सराव सुरू झाला. पोदगायमध्ये अंगणात केलेली कुठलीही गोष्ट खाजगी राहत नाही. पहिल्या दिवशी माशी अक्रोडाच्या झाडावर गेली. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळणाऱ्या रांकोच्या पायजम्यात अडकली, आणि ती सोडवताना पायजम्याची जी दशा झाली त्यावरून दोन्ही घरांत तासभर अबोला होता. गल्लीतला येणारा-जाणारा थांबायचा, बघायचा आणि सल्ला द्यायचा. न्हावी म्हणाला, सगळं मनगटात आहे. पाववाला म्हणाला, मनगट विसर, कोपर. एक बाई बाजाराची पिशवी खाली ठेवून म्हणाली की तिच्या दिराचा खांदा असाच निखळला होता, तोही हौसेपायी. रेफिक सगळ्यांचं ऐकायचा. मनगट, कोपर आणि खांदा तिन्ही एकदम वापरायचा. पुढे काय व्हायचं ते त्याच्या कानाच्या पाळीवरच्या पट्टीवरून दिसत होतं.

त्या आठवड्यात सेनियाने द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडून बुरेकची, म्हणजे आत मांस भरून भाजायच्या गुंडाळ्यांची, कणीक ओढायला घेतली. हे काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. आईने विणलेला जाड टेबलक्लॉथ पसरायचा, त्यावर कणीक ठेवून हाताच्या पाठींनी ओढत ओढत इतकी पातळ करायची की खालची नक्षी दिसली पाहिजे. अशा वेळी घरात कुणी शिंकतसुद्धा नाही. नेमकी त्याच वेळी रेफिकची माशी जन्मात पहिल्यांदा जशी जायला हवी तशी गेली, आणि अगदी अलगद, पिसासारखी, कणकेच्या मधोमध उतरली. त्याच्या बाजूने बोलायचं तर एवढं मान्य करायला हवं की टाकणं सुंदर होतं. चूक झाली ती पुढे. आनंदाच्या भरात त्याने काठीला झटका दिला. कणकेचा अख्खा पापुद्रा मांडवापर्यंत उठला, वेलीला लोंबकळला आणि मग तुकड्यातुकड्याने खाली येत राहिला.

सेनियाने हात धुतले आणि ती आत गेली. हेच वाईट लक्षण होतं. पुढचे काही दिवस त्या घरात जेवायला पाव होता. दोरावरून तुटलेली ती माशी मात्र कुणालाच सापडली नाही.

एवढं झाल्यावर परवान्याचं आठवलं. प्लिवाचा तो वरचा पट्टा, जिथे नदी तळ्याला मिळायच्या आधी रुंद आणि स्वच्छ होते, तो गावच्या मच्छीमार मंडळाकडे होता. तिथे परवान्याशिवाय काठी उघडता येत नसे, आणि बिल्ल्याशिवाय कुणाचा वाटाड्या म्हणून जाताही येत नसे. रेफिक सोमवारी मंडळाच्या खिडकीशी गेला. आत चिटणीस विदोये बसला होता. खिडकी अर्धीच उघडली.

"गुरुवारी या," विदोये म्हणाला.

"पण तू आत आहेस ना?"

"मी आहे. कचेरी नाही. कचेरी गुरुवारी असते." एवढं बोलून त्याने खिडकी लावली, मग परत उघडली. "ओळखलंत का साहेब? माझ्या कुंपणाच्या भिंतीचा नकाशा. तुमच्या खिडकीशी किती गुरुवार आलो होतो मी."

रेफिकला भिंत आठवली नाही, पण वाक्य आठवलं. ते त्याचंच होतं. नोकरीत त्याने ते इतक्यांदा म्हटलं होतं की लहानपणी अल्दिना बाहुल्यांना रांगेत बसवून "गुरुवारी या" असं खेळायची. आता तेच वाक्य काचेच्या दुसऱ्या बाजूने ऐकल्यावर ते किती उद्धट आहे हे त्याला कळलं. परत जाताना सबंध रस्ताभर तो स्वतःशी बडबडत होता, आणि ती सगळी तक्रार विदोयेच्या नावाने होती.

गुरुवारी गेल्यावर कळलं की बिल्ल्यासाठी परीक्षा असते, परीक्षेआधी शिकवणी असते, शिकवणीआधी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि हे सगळं आता पुढच्या वसंतात. गावात बिल्ला असलेला माणूस एकच होता. तो खिडकीमागे बसून साखरेचा खडा कॉफीत बुडवत होता.

"मी येईन तुमच्या व्याह्यांना घेऊन," विदोये म्हणाला. "येत्या गुरुवारी."

"गुरुवारी तर कचेरी असते!"

"बंद ठेवीन. कुणाचा तरी हेलपाटा झाल्याशिवाय कचेरी कचेरीसारखी वाटत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? मात्र वाटाड्या मी. तुम्ही मागून पिशवी घेऊन यायचं, आणि बोलायचं नाही." मग त्याने नियम सांगितले. गळाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला हवा. माशाला हात लावण्याआधी हात ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. आणि धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा. प्रत्येक.

"हो, हो," रेफिक म्हणाला.

इथे त्याची समजूत जरा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. ती एकट्या रेफिकची नाही, आमच्या अख्ख्या गावाची आहे. नियम खिडकीत सांगायचा असतो. पाहुणा घरी आलेला असतो. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. मुलीचा सासरा पोदगायला येतो, स्वतःच्या हाताने मासा धरतो, आणि तो मासा परत सोडून देऊन रिकाम्या हातांनी जेवायला बसतो, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच शिरणार नाही. म्हणून रेफिक तिथून उठला तो थेट कॉफीच्या दुकानात गेला आणि सगळ्यांना सांगून आला, "गुरुवारी दुपारी आमच्याकडे. व्याह्यांनी धरलेला मासा खायला."

"किती माणसं?" घरी सेनियाने विचारलं.

"आपलीच."

"आपली म्हणजे?"

"गल्ली."

सेनियाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग रांकोच्या घरून मोठी कढई मागून आणली.

लिओपोल्ड बुधवारी संध्याकाळी आले. उंच, कडकडीत, पांढऱ्या मिशांचे. अंगातल्या जाकिटाला इतके खिसे की एकात हात घातला की तो कुठला हे आठवायला त्यांना थांबावं लागे. जन्मभर त्यांनी डोंगरातून बोगदे काढले होते, आणि बोगद्यांवरचे मजूर सगळे आमच्याकडचे. त्यामुळे आमची भाषा त्यांना चांगली येत होती, फक्त तिच्यात शिव्या किती आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. फाटकातून आत येऊन त्यांनी टोपी काढली, वाकून सेनियाच्या हातात फुलं दिली आणि अत्यंत आदराने म्हणाले, "च्यायला, वहिनी! काय घर आहे!"

रांको कुंपणापलीकडे खाली बसला आणि बराच वेळ वर आला नाही. सेनिया मात्र लाजली. तिच्या घराला इतक्या मनापासून कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिघे नदीवर गेले. पुढे विदोये, मध्ये लिओपोल्ड, आणि मागे पिशवी, हातजाळी, थर्मास आणि अपमान घेऊन रेफिक. त्यानेही रांकोच्या मेहुण्याची छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली होती. मेहुणा दोन माणसांच्या मापाचा होता, त्यामुळे रेफिक वळला तरी विजार जरा वेळाने वळे. वाटेत विदोयेने पाहुण्यांना भिंतीची गोष्ट सांगितली, गुरुवारासकट, हावभावांसकट. लिओपोल्ड थांबून हसले. रेफिकने थर्मासचं झाकण विनाकारण उघडलं आणि लावलं.

पाण्यावर धुकं होतं. लिओपोल्ड गुडघाभर पाण्यात उतरले, दोर डोक्यावरून दोनदा पुढेमागे गेला आणि माशी पाण्यावर अशी बसली की रेफिकला आपल्या अंगणातले सगळे दिवस आठवून शरम वाटली. लगेचच पहिला ट्राउट लागला. अंगावर लाल ठिपके असलेला, हातभर लांब. रेफिकचा जीव भांड्यात पडला. लिओपोल्डनी हात ओला केला, गळ सोडवला, माशाला पाण्यातच क्षणभर धरलं आणि सोडून दिलं.

"गेला?" रेफिक म्हणाला.

"गेला," लिओपोल्ड आनंदाने म्हणाले. "च्यायला, काय देखणा होता!"

दुसरा गेला. तिसराही गेला. रेफिक काठावर येरझारा घालू लागला. खिशातला फोन वाजला.

"तेल तापत आलंय," सेनिया म्हणाली. "माणसं यायला लागलीत. किती झाले?"

"लागतायत," रेफिक म्हणाला, आणि हे खोटं नव्हतं. फोन ठेवून तो पाहुण्यांच्या जवळ सरकला. "व्याही, हा मासा मला जरा आजारी वाटतो. उगाच का तळमळत ठेवायचा त्याला?"

"आजारी असता तर नाश्ता केला असता का?" विदोये म्हणाला. "साहेब, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय."

फोन पुन्हा वाजला. न्हावी सहकुटुंब आला होता. फोन पुन्हा वाजला. पाववाल्याने मासळीबरोबर खायला म्हणून खास पाव भाजून आणले होते. रेफिकला उभंही राहवेना आणि चालवेनाही. त्याला अंगण दिसत होतं, मांडवाखाली लावलेली टेबलं, काटेचमचे हातात घेऊन बसलेली गल्ली, आणि फाटकातून रिकाम्या हातांनी शिरणारा आपण. व्याही काय म्हणतील? यांच्याकडे चाळीस माणसं आणायची? यांना पंधरा माणसांना एक मासा पुरवता येत नाही!

आणि मग तो मोठा लागला. काठी वाकली, दोर पाणी कापत पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि परत आला. लिओपोल्डनी च्यायला म्हणणंही सोडलं. बऱ्याच झटापटीनंतर विदोयेने खाली जाळी धरली आणि ट्राउट वर दिसला. पाठ काळपट, पोट सोनेरी, मांडीएवढा जाड. एकटा अर्ध्या गल्लीला पुरला असता. लिओपोल्डनी हात ओला केला, गळ काढला आणि ते माशाला प्रवाहाकडे तोंड करून हळूहळू सोडू लागले.

रेफिकने ठरवून काही केलं नाही. हे तो आजही शपथेवर सांगतो. त्याचे पाय गेले, हात गेले आणि मागोमाग विजार गेली. मासा हाताला लागला तो फक्त शेपटीने, तोंडावर फटकारा मारण्यापुरता. पुढच्या क्षणी रेफिक पाण्यावर पालथा होता, विजारीत पाणी भरत होतं आणि नदी त्याला सावकाश, काही घाई नसल्यासारखी, तळ्याकडे घेऊन चालली होती. पाणी कमरेएवढंच होतं. पण भरलेल्या विजारीत उभं राहणं हे त्याच्या हातात नव्हतं.

"व्याही!" लिओपोल्ड ओरडले. त्यांनी काठी उचलली, दोर एकदा मागे गेला, एकदा पुढे, आणि माशी रेफिकच्या मानेमागे कॉलरमध्ये जाऊन बसली.

"ओढू नका!" विदोये काठावरून धावत होता. "दोर बारीक आहे, तुटेल! सैल सोडा! दमू द्या त्याला! आता हळूच या बाजूला वळवा!"

"मी मासा नाही!" रेफिक ओरडला. तोंडात पाणी गेल्यामुळे ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. पण दोर ज्या बाजूला वळला त्या बाजूला तोही हातपाय मारत वळला, कारण दुसरी बाजू तळ्याची होती. उथळ पाण्यात आल्यावर विदोयेने पूर्ण गांभीर्याने त्याच्या डोक्यावरून जाळी घातली. लिओपोल्ड धापा टाकत आले, वाकले, आणि रेफिकच्या मानेला हात लावण्याआधी त्यांनी सवयीने तो पाण्यात ओला केला. काटा सपाट असल्यामुळे गळ एका झटक्यात निघाला.

तिघे परत निघाले. रेफिकच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पाणी वाजत होतं. त्याला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. लग्न ग्राट्सला होणार. मोठा हॉल असणार, टेबलावर आपल्या नावाची चिठ्ठी, तिथे आपण जाऊन बसायचं, ओळखीचं माणूस सेनियाशिवाय कुणी नाही. ज्या अंगणात अल्दिना बाहुल्यांची रांग लावायची त्या अंगणातून ती नवरी होऊन निघणार नाही. त्याला रडू आलं. तोंड आधीच ओलं होतं म्हणून निभावलं.

फाटकाशी अख्खी गल्ली उभी राहिली. रांकोने हातातला राकिया दारूचा पेला खाली ठेवला. "मासा कुठाय?"

लिओपोल्डनी रेफिकच्या खांद्यावर हात ठेवला. "हा काय. याच्याहून मोठा मी आयुष्यात धरला नाही."

"नियमाप्रमाणे सोडून दिलाय," विदोयेने सांगितलं.

गल्ली इतकी हसली की न्हाव्याचं पोर घाबरून रडायला लागलं. रेफिक खाली मान घालून सेनियाकडे गेला. "कढई..." तो म्हणाला.

"कढई रिकामीच आहे," सेनिया म्हणाली, आणि त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. मग तिने परसातल्या निखाऱ्यांवरचं लोखंडी झाकण उचललं. खाली पहाटेपासून भाजत ठेवलेलं अख्खं कोकरू होतं, आणि शेजारच्या परातींत बुरेक, गोल गोल वळलेले, सोनेरी. "तुझ्या भरवशावर मी कढई ठेवली होती, जेवण नाही."

"मग सकाळपासून फोन कशाला करत होतीस?"

"तू घरी लवकर यावास म्हणून."

जेवणं रंगली. लिओपोल्डनी तिसऱ्यांदा बुरेक घेतला, आणि ताट सरकवताना त्यांचं बोट टेबलक्लॉथच्या विणीत अडकलं. त्यांनी चष्मा लावला आणि नखाने हळूच काहीतरी सोडवलं. पिसांची एक खोटी माशी होती. अंगावर पीठ वाळून घट्ट बसलेलं.

"ही इथे कशी?"

सेनियाने सांगितलं. अक्रोडापासून, पायजम्यापासून, कणकेपर्यंत. रांकोने मनगटाचे, कोपराचे आणि खांद्याचे हावभाव करून दाखवले. लिओपोल्ड हसता हसता थांबले. त्यांनी ती माशी तळहातावर घेतली आणि घोंगडीत गुंडाळलेल्या रेफिककडे बघितलं. कानावर अजून पट्टी होती.

"हे सगळं माझ्यासाठी?"

रेफिकने खांदे उडवले. सरावामुळे एक खांदा जरा दुखला. मग सकाळपासून मनात घोळणारं त्याने एकदाचं विचारून टाकलं. "व्याही, लग्नाचं काय ठरवलंत? तिकडे, की इकडे?"

लिओपोल्डनी ती माशी आपल्या टोपीवर लावलेल्या बाकीच्या खोट्या माश्यांच्या बरोबर मध्ये खोचली. विदोयेकडे एकदा पाहिलं. मग पाठ ताठ करून, खिडकीमागे बसल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "गुरुवारी या."

विदोयेने टेबलावर थाप मारली. सगळे हसले. रेफिकही हसायला गेला, पण त्याला जमलं नाही.

"अरे," सेनिया त्याच्या कानाशी म्हणाली, "आज गुरुवारच आहे."

"मग आलाच आहात," लिओपोल्ड म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरून दोन्ही हात पुढे केले. "लग्न इथेच. याच मांडवाखाली. आमच्या तिकडे, च्यायला, माझ्या जेवणासाठी नदीत उडी मारणारा एकही माणूस नाही."

कुणीतरी अल्दिनाला फोन लावला, रांकोने पेले भरले, सगळे एकदम उभे राहून बोलू लागले. रेफिकने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि तो हळूच बसला. आणि बराच वेळ बसून राहिला.